स्टेपनी, डहाळे आणि मोठे जावई

आमच्या घरात गेलं वर्षभर एकच प्रश्न गाजतोय, तो म्हणजे स्टेपनी कुठे लावायची. मुलीचं बाळंतपण झालं, माझा गुडघा धरला, सोसायटीत दोन सेक्रेटरी बदलले, पण हा प्रश्न जागचा हलला नाही. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांत कोथिंबीर लावतात. माझ्या नवऱ्याने, म्हणजे सुधीरने, दगडधोंड्यांतून चालणारी उंच फोर बाय फोर गाडी घेतली. बरं घेतली ती घेतली, कंपनीने दिलेले टायर त्याला बारीक वाटले. मग मोठे बसवले. मग स्टेपनीही मोठी आली, आणि ती मागच्या दारावर टांगल्यावर दार कुरकुरायला लागलं.

तेव्हापासून त्याच्या गाडीवाल्या मित्रांचा मोबाइलवर अखंड सप्ताह चालू आहे. एक म्हणतो टपावर टाका. दुसरा म्हणतो छे, गाडी वरून जड होते, वळणावर डुलते. तिसरा गाडीच्या पोटाखाली लावा म्हणतो, म्हणजे चिखलात पंक्चर झालं की चिखलातच लोळून ती काढायची. एक तर बॉनेटवर लावून फिरतो, त्याला पुढचं कितपत दिसतं देव जाणे. "आत ठेव ना मग," मी एकदा म्हटलं. "आणि सामान?" सुधीर म्हणाला. दोघांचं सामान म्हणजे माझ्या दोन साड्या आणि त्याची हवा भरायची यंत्रं.

मे महिन्यात वसंतरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. वसंतराव सुधीरबरोबर कारखान्यात होते. नोकरी संपल्यावर बुलढाण्याकडे आपल्या गावी जाऊन शेती करायला लागले. "हॉटेलात नाही, घरीच उतरा लागते," असं त्यांनी फोनवर बजावलं. लग्नापेक्षा सुधीरला तिथले घाट आणि कच्चे रस्ते दिसले. भल्या सकाळी पुण्याहून निघालो. नगर, संभाजीनगर, जालना असा सगळा डांबरी रस्ता सरळसोट निघाला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

जालना सोडून देऊळगाव राजाला पोचलो, तेव्हा ऊन अंगावर येत होतं. बालाजीचं दर्शन घेतलं आणि बाहेर चहाला थांबलो. बाकड्यावर बसलेले एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आमच्या गाडीभोवती फेरी मारून आले.

"साहेब, हे टायर मागं कशाला लावलं?"

सुधीर खुलला. त्याने दाराचं वजन, बिजागऱ्या, टपाचे तोटे सगळं समजावून सांगितलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं नव्हं. आमच्याकडच्या जीपला त्या जागी दोन पाशिंजर उभे राहतेत. तुमच्या दोन शिटा वाया गेल्या."

"ही पॅसेंजर गाडी नाहीये."

"मग एवढी मोठी कशापायी घेतली?"

हा प्रश्न मी वर्षभर विचारत होते. त्या गृहस्थांच्या चहाचे पैसे मी आनंदाने दिले.

चिखलीच्या पुढे जमीन चढत जाते आणि बुलढाण्यात शिरताना वारा एकदम बदलतो. खाली सगळा वऱ्हाड तापलेला आणि इथे वर खिडकी उघडावीशी वाटते. देऊळघाट मागे टाकलं आणि वसंतरावांच्या गावाचा फाटा आला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जावई मंडळीही वाचत असतात. फाट्यापासून रस्ता कच्चा निघाला. सुधीरने हात चोळले, कसला तरी लिव्हर ओढला आणि एका सरळ साध्या बैलवाटेवर गाडी अशी काही घातली की मागून खाड्कन आवाज आला. दार लोंबकळलं होतं. स्टेपनीची लोखंडी चौकट दाराच्या पत्र्यासकट फाटून बाहेर आली होती.

परत देऊळघाटला आलो. एका वेल्डिंगवाल्याने वाकून पाहिलं आणि चुकचुकला. "साहब, पत्राच फाटला. आता इथं टाका मारला तं अजून फाटीन. जालन्याहून पार्ट आणा लागन."

"मग स्टेपनी कुठे लावू?"

"छतावर टाका."

"वरून जड होते."

"मंग नका टाकू," तो म्हणाला आणि आपल्या नांगराकडे वळला.

शेवटी दार दोरीने बांधलं आणि स्टेपनी आत घ्यायची ठरली. मागे दोनच सीट. सुधीरने कोणाची मदत न घेता ते धूड उचललं, सीटवर उभं ठेवलं आणि तसाच वाकलेला राहिला. कंबर धरली होती. पुढे गाडी मी चालवली. खड्डे चुकवत, साध्या गिअरमध्ये, आणि व्यवस्थित पोचले हेही सांगायला हवं.

वसंतरावांच्या अंगणात मांडवाचे बांबू रोवलेले होते. सुधीरला बाजेवर आडवं करून बाम चोळण्यात आला. जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि असा ठेचा होता की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "पुण्याचे लोकं हायेत, दही द्या," अशी सगळ्यांना माझी कीव आली. खरं तर मी तिसरी भाकर मागायच्या बेतात होते.

जेवणं झाल्यावर वसंतरावांच्या बायकोने, शांताबाईंनी, मला आत बसवून हळूच सांगितलं, "वहिनी, उद्या मोठे जवाई येऊन राह्यले. जरा सांभाळून घ्या बरं."

तेव्हा सगळी कथा कळली. मागे घराची वास्तुशांत होती. टॉवेल-टोपीचा मान मोठ्या जावयाचा, म्हणजे प्रल्हादरावांचा. पण मधले जावई दाराजवळ बसले होते, म्हणून टॉवेल आधी त्यांच्या हातात पडला. बस्स! प्रल्हादराव भरल्या ताटावरून उठले आणि बायकोला, सुनंदाला, घेऊन निघून गेले. त्यानंतर सुनंदाला माहेरी धाडलं नाही. मध्ये शांताबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, तरीही नाही. लेकीने फोनवर रडून घेतलं आणि आईने दवाखान्यातल्या खाटेवर.

"आता बहिणीचं लग्न म्हणून आणून राह्यले. पण उद्या काही कमी-जास्त झालं ना, तं लगन सोडून तिले घेऊन जातीन. अन् मंग मले माही पोरगी पुन्हा कवा दिसते, काय माहीत?" बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला संताप आला. एका टॉवेलासाठी! पण पाहुण्या बाईने काय बोलायचं?

सकाळी प्रल्हादराव मोटरसायकलवरून आले. पांढरा कडक शर्ट, कपाळाला गंध, आणि चेहरा असा की नाकावरची माशीही परवानगी काढून बसेल. मागे सुनंदा होती. चाळिशीची, बारीक अंगाची. गाडीवरून उतरल्याबरोबर ती आईच्या गळ्यात पडली. प्रल्हादराव घड्याळ बघत उभे राहिले. "उद्या लगन लागलं की निघाचं आपल्याले," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मांडवाच्या दिवशी इकडे एक मोठा मान असतो. मोठ्या जावयाने बायकोसह बैलगाडीतून शेतात जायचं, डहाळे (मांडवावर घालायच्या आंब्या-जांभळाच्या हिरव्या फांद्या) आणायचे, मारुतीपुढे थांबायचं आणि मग वाजतगाजत मांडवाशी यायचं. आता वसंतरावांकडे बैल राहिले नाहीत. ट्रॅक्टर सांगून ठेवला होता, तो सकाळीच दुसऱ्या लग्नात अडकला. वसंतरावांना घाम फुटला. तेवढ्यात प्रल्हादरावांची नजर आमच्या गाडीवर गेली. त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक घडी मोडली.

"डहाळे यातच आणू," ते म्हणाले. वसंतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की नाही म्हणायची सोयच नव्हती. सुधीर बाजेवरून ओरडला, "स्टेपनी जपा!"

तर स्टिअरिंगवर मी, शेजारी प्रल्हादराव, मागे स्टेपनी आणि तिच्या बाजूला अंग चोरून सुनंदा. तिची नवी जरीची साडी आणि सुधीरचा चिखलाचा टायर. वसंतरावांचे दोन पुतणे कोयते घेऊन मोटरसायकलवर पुढे गेले. वाटेत एक कोरडा नाला लागला. मी अगदी हळू उतरवली, तरी गाडी एका अंगाला कलली, टायर पुढे घसरला आणि प्रल्हादरावांच्या पांढऱ्या बाहीवर काळा पट्टा उठला.

"अरे बाप्पा!" सुनंदा दचकून म्हणाली आणि आपल्या पदराने बाही पुसायला लागली. त्यांनी हात झटकून घेतला. बोलले असते तर बरं झालं असतं.

आंब्याच्या झाडाखाली पुतण्यांनी फांद्या तोडून ठेवल्या होत्या. टपावरचं कॅरिअर गच्च भरलं, तरी मानाची मोळी उरली. ती आत धरून आणायची असते. प्रल्हादरावांनी पाहणी केली आणि फर्मान काढलं, "मोळी मागच्या शिटवर ठेवा. सुनंदा येईन चालत."

मी चपापले. गाव तिथून चांगलं लांब, वर उन्हाचा तडाखा. "त्यापेक्षा टायर इथे झाडाखाली ठेवू," मी म्हटलं. "नंतर येऊन नेऊ. तुम्ही दोघं बसा."

"पाव्हण्याचं टायर उघड्यावर टाकाचं? काही रीतभात हाये का नाही?"

"भाऊजी, डहाळ्याले जोडीनंच बसा लागते ना," धाकटा पुतण्या चाचरत म्हणाला. तोवर थोरल्याने टायर उतरवून खाली आडवा टाकलाही होता.

झालं! मघापासून ठिणगी होतीच, तिला वारा मिळाला. "म्हणजे आता मले तुम्ही शिकवसान? एक तं मले टायरासंगं बसवलं. शर्ट खराब केला. अन् वरून माहं ऐकाचं नाही. न्या तुमचे डहाळे. मी काही येत नाही. सुनंदे, चाल, गावातून आपली मोटरसायकल घेऊ अन् घरी जाऊ." एवढं बोलून ते त्या टायरावर, म्हणजे आमच्या स्टेपनीवर, झाडाच्या सावलीत पाठ फिरवून बसले.

पुढचं सगळं ठरलेलं असावं. पुतण्यांनी कोयते खाली ठेवले, हात जोडले. "भाऊजी, असं काय करता? चुकलं आमचं." एक फोन काढून वसंतरावांना बोलवायला निघाला. म्हातारा धावत येणार, पाया पडणार, मग साहेब उठणार किंवा उठणारही नाहीत. मी सुनंदाकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती आईच्या घरात सकाळचा एक चहा प्यायली होती, आणि तेवढ्यावर तिचं माहेर संपत होतं.

ती मोळीजवळ गेली. मला वाटलं, आता बिचारी नवऱ्यामागे जाणार. तिने मोळी उचलली, पुढचं दार उघडलं आणि नवऱ्याच्या जागेवर मांडीवर डहाळे घेऊन बसली.

"काकू, गाडी चालू करा."

"अगं, पण..."

"झाड माह्या बापाचं. बहीण माही. कोण काय म्हणते ते मी पाहून घेईन." मग खिडकीतून पुतण्यांना म्हणाली, "बाबाले फोन नको करू बे. अन् ह्यायले कोणी मनवू नका. बसू द्या."

मी किल्ली फिरवली. पुतणे घाबरत का होईना, मागोमाग निघाले. आरशात मला प्रल्हादराव दिसले. त्यांनी मान वळवून पाहिलं होतं. मनवायला कोण उरलंय ते बघायला, आणि तिथे कोणीच नव्हतं. सुनंदाने मागे पाहिलं नाही. तिचे हात इतके थरथरत होते की आंब्याची पानं सळसळत होती. मी एक हात तिच्या हातावर ठेवला. नाला उरलेल्या एका हातानेच पार केला, आणि त्याबद्दल सुधीरने मला अजून माफ केलेलं नाही.

मारुतीपाशी डफडी वाजत होती. "जवाई कुठी हायेत?" लोकांनी विचारलं. "येऊन राह्यले मागून," सुनंदाने सांगितलं आणि देवापुढे नारळ फोडला. मांडवाशी वसंतरावांनी एकट्या लेकीला पाहिलं. ते चप्पल घालायला लागले.

"बाबा, तुम्ही नका जाऊ."

"बेटा, अशी जिद नको करू. ते गेले तं तुले..."

"गेले तं जातीन. मी लगन झाल्यावर आठ दिवस राहीन. आईपाशी." तिने मोळी मांडवाखाली ठेवली. "आईचं ऑपरेशन झालं तवा मी तिकडं पोया लाटून राह्यली होती, बाबा. आता नाही जात मी."

शांताबाई पुढे आल्या. जावयासाठी केलेलं ओवाळणीचं ताट त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्याच ताटाने लेकीला ओवाळलं आणि सगळ्यांसमोर मोकळ्या गळ्याने रडल्या. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू?

मी आत आले तर सुधीर बाजेवर कोपरावर उठून बसला होता. "स्टेपनी कुठंय?"

"प्रल्हादराव तिच्यावर बसलेत. झाडाखाली."

त्याने विचार केला. "मग चोरीला नाही जाणार," म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला.

जेवणाची वेळ झाली, टळली. पंगत वाढली नव्हती. सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. वसंतराव तर दर घटकेला उठायचे आणि सुनंदाने बघितलं की बसायचे. अखेर वळणावर धूळ दिसली. धुळीतून आधी आमचा टायर आला आणि त्याच्यामागे त्याला ढकलत, वाकलेले प्रल्हादराव. तो जड टायर नाल्यातून कसा वर काढला असेल, त्यांचं त्यांना माहीत. शर्टाचा पांढरा रंग आता फक्त कॉलरला उरला होता.

त्यांनी टायर मांडवाच्या खांबाला टेकवला आणि घाम पुसला. "पाव्हण्याचं टायर रानात टाकून आले सगळे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "चोरीले गेलं असतं ना."

हसायचं नाही हे त्या अख्ख्या मांडवाला न सांगता कळलं, आणि मला त्या गावाचं फार कौतुक वाटलं. "हाव ना, बरं झालं आणलं," एक म्हातारे म्हणाले. सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली. शांताबाईंनी मानाचा नवा कोरा टॉवेल जावयाच्या हातात दिला. त्या टॉवेलाने प्रल्हादरावांनी आपले काळे हात पुसले. मग पंगत बसली.

लग्न दुसऱ्या दिवशी छान लागलं. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही, कारण कोणीच रुसलं नाही.

निघायच्या सकाळी प्रल्हादरावांची मोटरसायकल सुरू होईना. ती तिथेच ठेवून बुलढाण्याच्या स्टँडवरून एसटीने जायचं त्यांनी ठरवलं, म्हणून आम्ही त्यांना गाडीत घेतलं. एकटेच होते. सुनंदा दारात उभी राहिली. "घ्याले कवा येऊ?" त्यांनी विचारलं. "फोन करीन," ती म्हणाली. सुधीरने मानाने पुढची सीट देऊ केली. "नाही, मी मागंच बसतो," ते म्हणाले आणि स्टेपनीच्या बाजूला बसून तिला हाताने धरून राहिले.

फाटा ओलांडल्यावर ते अचानक बोलले. "काकू, इतके दिवस मी रुसून होतो. पण एक माणूस मनवाले घरी आला नाही. फोन करत होते. फोनवर कोणी मानते का? मंग उतराचं कसं मी?"

मला आदल्या रात्री वसंतराव म्हणाले होते ते आठवलं. दारातून परत पाठवलं तर त्याची झळ पोरीला लागेल, म्हणून जायची हिंमतच झाली नाही. दोन्हीकडे दार उघडं होतं आणि दोघंही आत बसून होते. क्षणभर मला त्या माणसाची दया आली. क्षणभरच.

"आणि सुनंदाला कोणी विचारलं होतं?" मी म्हटलं. "रुसलात तुम्ही. आई तुटली तिची."

बुलढाण्याच्या स्टँडवर उतरताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

पुण्याला येऊन आता बरेच दिवस झाले. सुधीरची कंबर सुटली, दार दुरुस्त झालं आणि मित्रांची चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. बुलढाण्याहून आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलं? लोणारचं तळं पाहिलं का? नाही पाहिलं. मला सांगण्यासारखं एवढंच आहे की एक बाई आपल्याच बापाच्या मांडवात स्वतःच्या पायांनी शिरली, आणि तेवढं करायला तिला केवढं धाडस लागलं ते मी हाताला हात लावून पाहिलं.

परवा तिचाच फोन आला. आठ दिवस म्हणून राहिली होती, त्याचे किती झाले ते तिने मोजलेलं नव्हतं. "काकू, काल हे घ्याले आले," ती सांगत होती. "जेवले. मंग म्हणे, निघाचं का? मी म्हटलं, आज नाही, आईचे पापड राह्यले. उद्या निघू."

"मग? चिडले?"

ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

"थांबले, काकू. आता गच्चीवर पापडं राखत बसले हायेत."